मुरमाची जागा

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी आता विसरलो आहे. काही वयामुळे, काही मुद्दाम. पण हे एक प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते आठवले की त्या दिवशी जेवण जात नाही. यात चोर नाही, दरोडा नाही, सुरा नाही. पाच गुंठे जमीन आहे, तिच्यावर बांधलेले तीन खणांचे घर आहे आणि त्या घरात मेलेली एक बाई आहे. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्यांतली काही माणसे अजून हयात असतील, आणि ज्यांनी सोसले त्यांनी पुरेसे सोसले आहे.

साल पन्नासच्या पुढचे. मी तेव्हा नवा फौजदार होतो, चिंचवडच्या बाजूच्या एका ठाण्यावर. ठाणे म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक कोठडी आणि अंगणात लिंबाचे झाड. माणसे मोजकी, हद्द मात्र लांबलचक. पिंपरीच्या माळावर सरकारी कारखान्याचे बांधकाम चालले होते, दापोडीला मोटारींचे वर्कशॉप सुरू झाले होते, आणि कोकणातून, मराठवाड्यातून, साताऱ्याकडून माणसे येत होती. दर महिन्याला पगार हातात पडू लागला की माणसाला भाड्याची खोली टोचायला लागते. मग रविवारी सायकली काढून हे लोक जमिनी बघत हिंडायचे. इकडे गावातल्या शेतकऱ्यांनाही कळून चुकले होते की ज्या रानात ज्वारी धड येत नाही, त्या रानाला घरासाठी गिऱ्हाईक मिळते. एकाला जमिनीची पारख नाही आणि दुसऱ्याला ती विकायची घाई. पोलिसांच्या कामाला एवढे पुरते.

श्रावणातली सकाळ होती. आठवडाभर झड लागलेली. मी नुकताच हजेरी घेऊन बसलो होतो, तेवढ्यात रुळांपलीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा माणूस चिखलाने भरलेला आत आला. एका फिटरचे नवे घर पडले आणि त्याची बायको आत सापडली, एवढे त्याने सांगितले. स्टेशन डायरीत अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि हवालदार व दोन शिपाई घेऊन निघालो.

घराचे पुढचे दोन खण जागच्या जागी उभे होते. मागचा खण, म्हणजे स्वयंपाकघर, तेवढे खचले होते. मागची भिंत आतल्या बाजूला आली होती आणि आढे तिच्यावर. बाईला लोकांनी बाहेर काढून ठेवले होते. चुलीवरचा तवा सापडला, त्यावर भाकरी तशीच होती. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. त्याला दापोडीहून बोलावून आणले. रत्नागिरीकडचा, तिशीतला, शांत माणूस. तो रडला नाही. मला म्हणाला, "साहेब, मी जागा बघून घेतली होती." हे तो दिवसभरात पुष्कळदा म्हणाला.

पंचनाम्याला पंच हवे होते. गावात फौजदार आला की पंच म्हणून कोण पुढे येतो? ज्याला कचेरीची भीती वाटत नाही तो. इथे एक पन्नाशीचा शेतकरी पुढे झाला, स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, बोलणे मोजके. शेजारची जमीन त्याची, आणि हे पाच गुंठेही त्यानेच फिटरला विकलेले. गावात वजन होते त्याचे. त्याने ढिगाऱ्यातला एक दगड उचलला, दगडाला चिकटलेला मसाला बोटांत चुरडला आणि माझ्यापुढे हात धरला. "बगा सायेब. निस्ती माती हाय." मग जरा बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले, की गवंड्याने मालकाचा चुना परस्पर दुसरीकडे घातला, गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलणार कोण.

मला खबर मिळाली होती. तरुण फौजदाराला खबर मिळाली की पाय जमिनीवर राहत नाहीत. त्या गावातली सगळीच घरे दगडमातीत बांधलेली होती, चुना फक्त घराच्या पायात आणि वरून दगडांमधल्या दरजा भरायला वापरायचा रिवाज होता, हे मला दिसत असून दिसले नाही. दुपारी गवंड्याला दापोडीतून उचलून आणले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल कलम तीनशे चार अ लावले आणि त्याची थापी, ओळंबा आणि सूत जप्त करून मुद्देमालात टाकले.

गवंडी मराठवाड्यातून आलेला मुसलमान होता, चाळिशी उलटलेला. रुळांच्या कडेला पत्र्याच्या झोपडीत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचा. मी त्याला दोन दिवस उलटसुलट विचारले. हात उगारला नाही, पण आवाज पुष्कळ चढवला. त्याचे उत्तर एकच.

"साहेब, भिंत म्या बांधली, कबूल हाय. पण ती पडली न्हाई, खाली गेली. पडल्याली भिंत निराळी दिसती."

चुना कुठे गेला, असे विचारले तर म्हणायचा, पायात आहे, उकरून बघा. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. पाया खणताना पुढच्या बाजूला काळी माती लागली म्हणून कमरेइतके खोल गेले, पण मागच्या कोपऱ्यात हातभर खणले तरी मुरूमच होता तेव्हा मालकाने थांबवले. इथेही तेवढेच खणू, असे गवंडी म्हणाला होता, मालक नको म्हणाला. मी फिटरला बोलावून विचारले. त्याने खाली बघत सांगितले, की गवंडी असे काही बोलला नव्हता. एक पगारदार, शिकलेला, बायको गेलेला माणूस आणि एक परका गवंडी. मी कोणावर विश्वास ठेवला हे सांगायला नको.

गुन्हा जामीनपात्र होता. पण जामीन राहायला घरदार असलेला माणूस लागतो, आणि त्या पंचक्रोशीत गवंड्याने दहा-पंधरा जणांची घरे बांधली असली तरी त्यांतला एकही पुढे आला नाही. त्यामुळे तो कोठडीतच राहिला. त्याची बायको रोज सकाळी भाकरीचे फडके घेऊन यायची, हवालदाराच्या हाती द्यायची आणि दुपारपर्यंत लिंबाखाली बसून राहायची. तक्रार नाही, गयावया नाही. मला तिचा राग यायचा. आता कळते की तो राग कशाचा होता.

बायकोचे दिवस झाल्यावर फिटर ठाण्यात आला. तिचे मंगळसूत्र आणि दोन पितळी समया पंचनाम्यात जमा होत्या, त्या मागायला. मी त्याला बसवले आणि कागद बाजूला सारला. माझा अनुभव असा, की माणसाला विचारून जे मिळते त्यापेक्षा लिहिणे थांबवल्यावर तो जे आपणहून बोलतो ते जास्त उपयोगी पडते.

तो जमिनीबद्दलच बोलत राहिला. दोन वर्षे जागा शोधली म्हणाला. ही जमीन भर पावसात तीनदा येऊन पाहिली; पाणी कुठे साचते, कुठून वाहून जाते ते छत्री धरून उभे राहून पाहिले. पवनेला पूर आला तर पाणी कुठवर येते हे जुन्या माणसांना विचारले. गाडीरस्ता सरकारी नकाशात आहे ना, उद्या कोणी अडवणार नाही ना, याची खात्री केली. बिनशेतीची परवानगी काढायला मामलेदार कचेरीत खेटे घातले. पाणी शेजारच्या विहिरीवरून मिळेल, तसे कबूल करून घेतले. दहा वर्षांनी इथे वस्ती वाढेल, पुढे दुकानाचा गाळा काढता येईल, हाही विचार केला होता. भीती फक्त काळ्या मातीची होती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाया खोल न्यायचा म्हणजे घराला लागेल तेवढाच खर्च जमिनीखाली. म्हणून त्याने पहार घेऊन सगळी जमीन ठोकून पाहिली. सगळीकडे पहार आत गेली. मागच्या बाजूला एका ठिकाणी मात्र ठण्ण वाजली. दहा-बारा हातांचा मुरमाचा तुकडा होता, गोलसर, त्यावर गवतही नव्हते.

"आमच्याकडे कातळ लागला की माणूस निश्चिंत होतो, साहेब. मी म्हटलं, देवानं घराला जागा दाखवली." म्हणून त्याने स्वयंपाकघर बरोबर तिथे घेतले.

मी ऐकत होतो. खरे सांगायचे तर कंटाळलो होतो. मग तो शेजाऱ्यांबद्दल बोलू लागला. माणसे फार चांगली, म्हणाला. ज्यांनी जमीन विकली त्यांच्या घरच्या बायका त्याच्या बायकोला धरून असायच्या. आषाढात त्यांची धाकटी सून बाळंतपणानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली, ती आधी याच्या घरी आली. सासू बरोबर होती. स्वयंपाकघरात पूजा करायची आहे, असे सासूने सांगितले.

"कसली पूजा?" मी विचारले.

"आमच्याकडे जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, नारळ देतात ना, तसली असेल. जमीन त्यांची होती आधी. माझी बायको उलट खूश झाली, तिनंही नारळ ठेवला. त्यांनी मागच्या कोपऱ्यात पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, घुगऱ्या ठेवल्या. बायकोनं त्या सुनेची ओटी भरली."

"आणि तांब्या होता?"

"होता. त्यातलं पाणी तिथंच जमिनीवर ओतलं. सारवण उखडलं म्हणून बायको हसत सांगत होती."

बाजूला सारलेला कागद मी पुन्हा पुढे ओढला. आम्ही देशावरची माणसे. आमच्या घरात बाळंतीण सव्वा महिन्याने बाहेर पडते ती विहिरीवर जाते. पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते, तांब्या घेऊन पाण्याची पूजा करते, आणि मगच पुन्हा घरच्या पाण्याला हात लावते. दोनच वर्षांपूर्वी माझी बायको आमच्या गावच्या विहिरीवर अशीच गेली होती. कोकणातल्या माणसाला त्या पूजेत जागेवाला दिसला, यात त्याचा दोष नाही. चार भिंतींच्या आत, चुलीजवळ, विहीर कोणाच्या मनात येणार? पण मला ती पूजा ओळखू आली, आणि ती विहिरीशिवाय कोणी करत नाही हेही मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे पंच घेतले, चार वडार लावले आणि फिटरच्या समोर स्वयंपाकघराचा कोपरा खणायला सांगितला. आधी पायात चांगला चुना लागला, मूठभर हवालदाराने माझ्या हातात आणून दिला. त्याखाली दोन-अडीच हात मुरूम, दुसरीकडून आणून टाकलेला. मग काळी भुसभुशीत माती, कडबा, फुटकी मडकी, बैलगाडीचे मोडके चाक. कडेला घडीव दगडांची ओळ दिसली, वळत गेलेली. वडारांनी हात थांबवले. आत ओलसर वास होता.

फिटर काठावर उभा होता. त्या दगडांकडे बघतच म्हणाला, "गवंडी म्हणाला होता, साहेब. खणू म्हणाला होता. मीच नको म्हटलं."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"मग दोष कुणाला द्यायचा होता मी?"

मी पंचांच्या सह्या घेतल्या. तलाठ्याकडे जाऊन जुनी पाहणीपत्रके काढली. आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्या जमिनीत विहीर दाखवलेली होती, पुढच्या पत्रकांत नव्हती. फिटरने कागद पाहिले होते, पण शेवटच्या दोन वर्षांचेच. त्याच्या जागी मी असतो तर तेवढेच पाहिले असते.

जमीन विकणाऱ्याला ठाण्यावर बोलावले. तो निवांत येऊन बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला. विहीर? असेल, म्हणाला. आजाच्या वेळची असेल, आपल्याला काय ठाऊक. पाहणीपत्रक दाखवले तर म्हणाला, तलाठी काय वाटेल ते लिहितो. घरच्या सुनेने तिथे पूजा केल्याचे विचारले तर बायकांचे बायकांना ठाऊक. घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारले, तर ती दाराआडून म्हणाली की असे काही झालेच नाही. पूजा पाहिलेली तिसरी बाई मेली होती. फिटरने सगळे ऐकीव सांगितले होते. गवंड्याने खणू म्हणून सुचवले होते एवढ्यावर त्याला सोडता येत नव्हते. मालक आज खरे बोलला, उद्या कोर्टात फिरला तर? पुन्हा वकील म्हणेल, दहा हात खोल विहीर असताना गवंड्याला समजले कसे नाही. विहीर होती हे मुद्दाम लपवले, हे सांगणारे माणूस हवे होते. ते एकच होते, आणि त्याच घरात.

त्या धाकट्या सुनेचा जबाब तिच्या सासरी घेण्यात अर्थ नव्हता. तिथे ती जे बोलली असती ते सासूने आधी सांगितलेले असते. मी थांबलो. त्या आठवड्यात देवी टोचणारा त्या गावच्या चावडीवर येणार होता, आणि तान्ही मुले घेऊन बायका तिथे येणार होत्या. मी साध्या कपड्यांत गेलो. पोलीस पाटलाच्या बायकोला बरोबर बसवले आणि त्या मुलीला चावडीच्या मागच्या खोलीत बोलावले. मुलगीच होती, अठरा-एकोणीसची. नुकतेच टोचून घेतलेले मूल कडेवर रडत होते.

मी तिला गवंड्याबद्दल सांगितले. तो किती दिवस आत आहे, त्याची बायको कशी येऊन बसते, दोन मुली आहेत. हे सगळे मी मुद्दाम सांगितले. पोलिसाला माणसाचे मन कुठे हलते ते कळावे लागते, आणि मला ते कळत होते. तिने मुलाला थोपटत ऐकून घेतले. मग सांगू लागली, आणि सुरू झाल्यावर थांबली नाही.

विहीर तिच्या लग्नाआधी आटली होती. सासऱ्याने ओढ्याकडे नवी खणली आणि जुनी गाळ-कचऱ्याने बुजवली. पुढे जमिनीला गिऱ्हाईक येणार असे दिसल्यावर वर मुरूम आणून टाकला. थोरल्या जावेने बाळंतपणानंतर पूजा नव्या विहिरीवर केली, आणि तिचे मूल वाचले नाही. सासूच्या मनाने घेतले की घराण्याची जुनी विहीर रुसली. म्हणून या वेळी पूजा जुन्या जागीच, मग वर कोणाची चूल असो.

"आमी गेलो तवा त्या ताई भाकरी करत व्हत्या," ती म्हणाली. "त्यांनी चूल इजवली, जागा पुसून दिली. माजी वटी भरली. घरी आल्यावर मी मामंजींना म्हनले, तितं बाई ऱ्हाती, लेकुरवाळी हुईल उद्या, तिला सांगा खाली काय हाय त्ये. मामंजी म्हनले, पूजा झाली न्हवं? आता त्वांड उघडू नगं."

"पाया खणताना त्यांनी पाहिलं होतं?"

"रोज जायाचे बगायला. घरी यिऊन आत्याबाईंना, माज्या सासूला, म्हनले, त्येनं निमकी तितंच चूल धरली. आत्याबाई म्हनल्या, सांगा त्येला. तर म्हनले, आता सांगितलं तर पैकं माघारी मागंल."

मी लिहून घेतले, वाचून दाखवले. अंगठा देण्याआधी तिने विचारले, "त्यो गवंडी सुटंल?"

"सुटेल."

"आन मी?"

मी म्हणालो, "तुला काही होणार नाही." कोणत्या अधिकाराने म्हणालो, कोण जाणे. पण तिने ऐकले आणि अंगठा उठवला.

गवंडी तिसऱ्या दिवशी सुटला. मी मॅजिस्ट्रेटपुढे अहवाल ठेवला आणि त्याला तिथूनच मोकळे केले. ठाण्यात येऊन त्याने आपली थापी, सूत आणि ओळंबा मागितला. ओळंब्याचा दोरा दोन्ही हातांत ताणून पाहिला, गुंडाळला, खिशात ठेवला. मला त्याची माफी मागायची होती, पण गणवेशातल्या माणसाला ती कशी मागायची ते कोणी शिकवलेले नव्हते. लिंबाखाली त्याची बायको उठून उभी राहिली आणि ती दोघे रस्त्याला लागली. त्या भागात त्याला पुढे काम मिळाले नाही. ज्याच्या हातची भिंत पडून बाई मेली तो गवंडी, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. तपासात काय निघाले ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

विकणाऱ्यावर मी फसवणुकीचे दोषारोपपत्र दाखल केले. खटला वर्षभर चालला. ती मुलगी मूल घेऊन साक्षीला आली आणि चावडीत जे सांगितले तेच कोर्टात सांगितले. समोरच्या वकिलाने तिला फक्त दोन गोष्टी विचारल्या. आता तू सासरी नांदतेस का? नाही. म्हणजे सासरच्यांवर तुझा राग आहे? तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतले. मग त्याने खरेदीखत वाचून दाखवले. आपल्याकडे प्रत्येक खरेदीखतात एक ओळ असते, लिहिणारा ती सवयीने लिहितो आणि घेणारा ऐकतसुद्धा नाही: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह जमीन विकली. वकील म्हणाला, यात पहिला शब्द जल आहे. माझ्या अशिलाने जमिनीतले पाणी, दगड सगळे देऊन टाकले, लपवले काय? घेणाऱ्याने स्वतः पहार ठोकून पाहिले होते, हेही त्याने फिटरच्याच तोंडून वदवले. आरोपी निर्दोष सुटला. बाहेर येऊन त्याने फेटा बांधला आणि मला रामराम केला. मीही केला.

फिटर नोकरी सोडून कोकणात निघून गेला. जमिनीचे काय केले ते कळले नाही. आज तिथे चार मजली इमारत आहे.

मी निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक जमीन घेताना मला विचारायला येतात. पोलिसाला कागद कळतात असा समज आहे. मी त्यांना सांगतो, सातबारा बघाल तर एका वर्षाचा बघू नका, वीस-तीस वर्षे मागे जा. जमिनीत एखादी जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा वेगळी आणि चांगली दिसली तर आनंद मानू नका, ती चांगली का आहे ते शोधा. पाया सगळीकडे सारखा खणा, तिथे वाचवलेला खर्च परत येऊन उभा राहतो. राबणारा माणूस काही सुचवत असेल तर त्याच्या कपड्यांकडे न बघता ऐका. आणि विकणाऱ्याशी कितीही बोला, पण त्याच्या घरातल्या बायकांशी तुमच्या घरातल्या बाईला बोलू द्या. कुठे पाणी होते, कुठे मूल पुरले, कोणत्या बांधावरून भांडण झाले, हे पुरुष विसरतात किंवा विसरल्यासारखे करतात. बायकांना त्या जागांवर हळदकुंकू वाहायचे असते, त्या विसरत नाहीत.

लोक मान हलवतात, काही जण लिहूनही घेतात. पण बायकांकडून मिळालेल्या माहितीची किंमत कोण देते, हे मी त्यांना सांगत नाही.

त्या मुलीने जबाब दिला त्याच संध्याकाळी चावडीतली गोष्ट सासरी पोचली होती. महिन्याच्या आत तिला माहेरी धाडले. मला समजल्यावर मी गणवेश चढवून तिच्या सासरी गेलो. सासरा घरात नव्हता. मुलीला परत आणा, नाहीतर मी आहे, असे काहीतरी दरडावले. कशाच्या जोरावर दरडावले? बायकोला नांदवलेच पाहिजे असे कलम माझ्या पुस्तकात नव्हते. सासूने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमी न्हाई हाकलली तिला, सायेब. ती बोलली तवाच गेली."

खटल्याचा निकाल लागल्यावर मी एकदा तिच्या माहेरी गेलो. महाळुंगे तेव्हा शेतातले साधे गाव होते, चाकणपर्यंत एस.टी. आणि पुढे पायी. तिचा बाप अंगणात बसला होता. मला बघून उठला नाही. सायेब, तुमी आला की गाव बगतं, एवढे बोलून तो गोठ्यात निघून गेला. ती बाहेर आली. बारीक झाली होती. कडेवरचे मूल आता उभे राहायला लागले होते, ते तिने खाली सोडले. मी सांगितले, तुझ्यामुळे एक निरपराध माणूस सुटला. तिने मान हलवली. सासरच्यांना मी पुन्हा समजावतो, म्हणालो. ती मुलाला सावरायला वाकली. नवऱ्याचे दुसरे लग्न ठरल्याचे मला परत जाताना वाटेत कळले. तिला ते आधीच ठाऊक असणार.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, मी पाणी प्यालो. पण निघावे असे होईना. मी नुसताच उभा राहिलो. माझ्या हातातल्या कागदांच्या पिशवीकडे बघत तिने विचारले,

"सायेब, आजून काय लिवून घ्यायचं ऱ्हायलंय का?"

नाही, म्हणालो.